चढाने दमवले, उताराने शिकवले

ओसरीवरच्या गप्पा

वाचकहो, गेल्या आठवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या मुलाला घाटातल्या मॅरेथॉनमध्ये पळायचे आहे. ‘शेतात राबणाऱ्या पोराला हे शहरी खूळ कशाला? आणि पळालाच तर काय काळजी घ्यावी?’ असे दोन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, कारण ते खूळ माझ्याही डोक्यात शिरले होते. दुसऱ्याचे मात्र देतो. ते मला पुस्तकातून मिळाले नाही, तीन दिवस जिना उतरता येईना तेव्हा मिळाले.

हकिकत 2023 सालची. त्या वर्षी माझे वय अठ्ठेचाळीस. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि म्हणाले, “साखर काठावर आली आहे. आता चालायला लागा.” मला हसू आले. म्हटले, “डॉक्टरसाहेब, मी शेतकरी. दिवसभर रानात असतो. चालायचे काय सांगता?” त्यांनी शांतपणे विचारले, “रानात जाता कशाने?” मी म्हणालो, “मोटारसायकलने.” “नांगरट?” “ट्रॅक्टरने.” “पाणी?” “ठिबक आहे. खटका दाबला की झाले.” डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत आणि मलाही बोलता आले नाही. आमचे वडील कोरेगावच्या बाजाराला पायी जात. आपण शेतकरी राहिलो, पण पाय मात्र शेतकऱ्याचे राहिले नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

त्याच सुमारास घरात दुसरा एक पेच होता. धाकटी लेक पोलीस भरतीची तयारी करीत होती. भरतीत पन्नास गुणांची मैदानी चाचणी असते आणि शंभर गुणांची लेखी परीक्षा. मुलींना आठशे मीटर पळावे लागते. दोन मिनिटे पन्नास सेकंदांच्या आत आले तर वीसपैकी वीस गुण. त्या वर्षी हिवाळ्यात झालेल्या चाचणीत तिने पहिली फेरी वाऱ्यासारखी मारली आणि दुसऱ्या फेरीत पाय शिशाचे झाले. गुण गेले आणि यादीत नाव आले नाही.

आमच्या आईने लगेच सूर लावला, “पोरीच्या जातीला पळणं कशाला पायजे? चांगलं स्थळ आलंय, उरकून टाका.” लेक काही बोलली नाही. रात्री मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आप्पा, मला आणखी एकदा बघू द्या. मी दम कमी म्हणून हरले नाही. दम कुठं खर्चायचा ते मला कळलं नाही.”

ते वाक्य माझ्या मनात रुतले. मी आईला सांगितले, दिवाळीच्या पुढच्या दिवाळीपर्यंत स्थळाचे नाव काढायचे नाही. पण पहाटे अंधारात पोरीला एकटीला रस्त्यावर सोडायचे कसे? मग मीच तिच्याबरोबर निघालो. सुरुवातीला मी चालायचो आणि ती पळायची. महिनाभराने मीही थोडे पळू लागलो. गावच्या शाळेतले खेळाचे मास्तर कधीमधी सोबत असत. त्यांनीच सांगितले, “साताऱ्याला डोंगरातली अर्धमॅरेथॉन असते. पळा तिथं दोघंही. पोरीला गर्दीत डोकं थंड ठेवायची सवय होईल.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरी मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर, आणि अर्धी म्हणजे 21 किलोमीटरच्या थोडी वर. साताऱ्याची ही घाटातली अर्धमॅरेथॉन 2012 साली सुरू झाली. शहरातून निघायचे, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचे आणि त्याच वाटेने खाली यायचे. निम्मी शर्यत चढाची आणि निम्मी उताराची. कासचे फुलांचे पठार त्याच रस्त्याला पुढे आहे.

मास्तरांनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, “चढावर घड्याळ बघू नका, छाती बघा. शेजारच्याशी एक वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर पाय आवरा.” दुसरी, “जेवढं चढाल तेवढं पळत उतरा. उताराचा सराव वेगळा करावा लागतो.”

लेकीने दोन्ही ऐकल्या. मी दुसरीकडे काणाडोळा केला. त्याला कारणही होते. गावामागची खिंड मी पळत चढायचो, पण वर पोहोचेपर्यंत दूध घालायची वेळ झालेली असायची. मग डेअरीचा टेम्पो यायचा, त्यात बसून मी खाली यायचो. लेक पळत उतरायची. मी टेम्पोतून तिला हात करायचो आणि मनात म्हणायचो, उतरायला काय लागते? पाणीसुद्धा उतारावरून आपोआप वाहते!

शर्यतीच्या आदल्या रात्री साताऱ्यात पाहुण्यांकडे उतरलो. त्यांनी आग्रहाने तिखटजाळ रस्सा वाढला आणि मी संकोच केला नाही. सकाळी पायात नवे कोरे बूट घातले. शर्यतीसाठी म्हणून ठेवणीतले ठेवले होते. लेक म्हणाली, “आप्पा, जुनेच घाला की.” मी म्हटले, “एवढ्या लोकांत जुने बूट?” वाचकहो, नव्या बैलाला पहिल्याच दिवशी लांबच्या गाडीला जुंपू नये हे आपल्याला कळते. बुटाच्या बाबतीत मात्र कळत नाही.

पावसाची भुरभुर होती. हजारो माणसे जमली होती. सगळे एकदम सुटले आणि माझ्या अंगात काय संचारले कोण जाणे. भोवती पुण्यामुंबईची मंडळी दिसली आणि मनात आले, हा घाट आपला, हा पाऊस आपला, ह्यांच्या मागे आपण कशाला राहायचे? लेक पहिल्या दोन किलोमीटरांतच मागे पडली. म्हणजे ती आपल्या चालीने येत होती आणि मीच पुढे सुटलो होतो. शहराची वस्ती संपली, घाट लागला. माणसे चालू लागली, मी पळतच राहिलो. दोन्ही बाजूंना साताऱ्याची माणसे उभी होती, ढोल-ताशे वाजत होते, लहान पोरे हात पुढे करून टाळ्या घेत होती. छाती भात्यासारखी चालत होती. शेजारच्याशी एक वाक्य? मला एक शब्दही फुटत नव्हता. पण चढ संपला की सुटलो, ह्या भरवशावर मी रेटत राहिलो. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले रिचवले. पोटात पाणी हंड्यासारखे डचमळू लागले.

वळणापर्यंत पोहोचलो तेव्हा मी खुशीत होतो. वळून दहा मिनिटे झाली असतील, समोरून लेक वर येताना दिसली. लहान पावले, मान खाली, चेहऱ्यावर कसलीही ओढ नाही. मला पाहून हसली आणि म्हणाली, “आप्पा, आता जपून. उतार आहे.” मी मोठ्या तोऱ्यात हात केला.

घाटाचा उतार सुरू झाला आणि दोन किलोमीटरांत माझ्या मांड्या थरथरू लागल्या. वेग वाढू नये म्हणून मी मागे झुकून टाचा आपटत होतो. प्रत्येक पावलाला गुडघ्यापासून कंबरेपर्यंत हिसका बसत होता. नव्या बुटात अंगठे पुढे घासत होते. अखेर उजव्या मांडीत असा गोळा आला की मी कठड्याला धरून उभा राहिलो. ज्यांना मी चढावर मागे टाकले होते, ती सगळी माणसे एकेक करून माझ्यापुढून गेली. त्यांत साठी उलटलेले एक आजोबा होते आणि नऊवारी नेसून पळणाऱ्या एक बाईही होत्या.

थोड्या वेळाने लेक आली. ती थांबली. माझी मांडी दाबून दिली. म्हणाली, “मी बरोबर चालते.” तिच्या चेहऱ्यावर दम होता आणि वेळही चांगला लागत होता. क्षणभर मला वाटले, थांबू दे हिला, एकट्याने लंगडत जायची लाज तरी वाचेल. मग आईचे ते बोलणे आठवले. पोरीची वाट अडवायला घरात माणसे कमी नाहीत, त्यांत आपली भर कशाला? मी म्हणालो, “तू जा. माझ्यासाठी थांबलीस तर मी इथंच बसून राहीन.” ती गेली. घाटाच्या वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत उभा राहिलो. तोवर मी तिला खरे पळताना पाहिलेच नव्हते, टेम्पोतूनच पाहिले होते.

मी तीन तासांच्याही वर काही मिनिटांनी खाली पोहोचलो. लेक माझ्या आधी चाळीस मिनिटे येऊन, केळे खाऊन बसली होती.

पुढचे तीन दिवस मी माडीवरून उलटा उतरलो. पायऱ्या चढता येत होत्या, उतरता येत नव्हत्या! अंगठ्यांची नखे काळी पडली. आल्याच्या उटाळणीची वेळ होती आणि मी ओसरीवर. आई मात्र नातीचे पदक हातात घेऊन शेजारणीला दाखवत होती. ती पदकाबद्दल चकार शब्द बोलली नाही, पण स्थळाबद्दलही बोलली नाही.

ओसरीवर बसून मी मास्तरांना विचारले, असे का झाले? त्यांनी समजावले ते आपल्यासाठी लिहितो. चढताना मांडीचे स्नायू आखडून अंग वर ढकलतात. त्यात छाती भरते, दम लागतो, पण स्नायूंची मोडतोड कमी होते. उतरताना उलटे असते. अंग खाली जात असते आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्याला धरून ठेवतात. भरली गाडी उतारावर आली की बैल मागे रेटून ती आवरतात, तसेच. ह्या आवरण्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणे लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरते. लोक म्हणतात, अंगात आम्ल साचले म्हणून दुखते. ते खरे नाही. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते. दुखते ते ह्या इजेने. पण निसर्गाची एक सोय आहे. थोडा थोडा उतार आधी पळून ठेवला तर स्नायू ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या खेपेला कितीतरी कमी दुखते. म्हणजे उताराचे देणे आधी हप्त्याहप्त्याने फेडता येते. मी एकरकमी फेडले.

आणि ही चूक माझ्या एकट्याची नाही हो! पहिली आधुनिक मॅरेथॉन 1896 साली ग्रीसमध्ये झाली, मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत, सुमारे 40 किलोमीटर. ती वाटही डोंगराळ. मधला मोठा टप्पा चढाचा आणि शेवटी शहराकडे उतार. फ्रान्सचा एक धावपटू सुरुवातीलाच सुसाट पुढे गेला आणि चढाने त्याला खाल्ले. त्याच्यामागून आघाडी घेणारा ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक त्याच ऑलिंपिकमध्ये आठशे आणि पंधराशे मीटर जिंकला होता, तोही अखेरच्या टप्प्यात कोसळला. जिंकला कोण? पाणी वाहून पोट भरणारा स्पिरिडॉन लुईस. तो आपल्या चालीने आला आणि सुमारे तीन तासांत पोहोचला.

आपल्याकडचीही गोष्ट सांगतो. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा पाहायला होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यातली शेतकरी माणसे अनवाणी पळाली आणि शिकवणी नसताना त्यांनी अशी वेळ नोंदवली की टाटा चकित झाले. त्यातूनच 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. तेव्हा भगिनी, पळणे हे शहरी खूळ आहे असे म्हणू नका. ते आपलेच आहे, मधल्या काळात आपण गहाण टाकले होते.

आता पुढचे. 2023 साली आल्याचा भाव असा चढला की गावात प्रत्येक जण आले लावायच्या गोष्टी बोलू लागला. मीही खंडाने रान घेऊन दोन एकर वाढवायच्या बेतात होतो. बियाणे महाग, कर्ज काढावे लागणार. सोसायटीत अर्ज करायला निघालो आणि माडीच्या पायऱ्या उतरताना घाट आठवला. चढाच्या नादात सगळा दम खर्चून बसलो तर उतार कशाने उतरणार? भाव चढतो तसा उतरतोही, आणि उतरताना माणूस मोडतो. पुढच्या वर्षी मी होते तेवढेच तीस गुंठे लावले. नंतर भाव खाली आला. तोटा मलाही झाला, पण उभा राहिलो. शहाणपण म्हणून सांगत नाही, मांडीचा गोळा लक्षात होता म्हणून सांगतो.

आणि लेक? 2024 च्या पावसाळ्यात पुन्हा भरती आली. चिखलाचे मैदान होते. मी कुंपणाबाहेर उभा होतो. पहिल्या फेरीत ती पाचवी होती. माझ्या शेजारचा एक बाप म्हणाला, “तुमची पोरगी मागं पडली.” मी म्हणालो, “नाही, ती मागं ठेवून पळतेय.” दुसऱ्या फेरीत तिने चौघींपैकी तिघींना मागे टाकले. मैदानी चाचणीत ती चांगल्या गुणांनी उतरली. लेखीत मात्र थोडक्या गुणांनी यादी हुकली. आम्ही सगळे गप्प बसलो. तेव्हा बोलली आमची आई. म्हणाली, “निम्मा घाट झाला ना? मग निम्म्यासाठी आता अभ्यास कर म्हणावं.” सध्या पहाटे पळणे आणि रात्री गणित-व्याकरण असे चालले आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आणि घाटात पळू पाहणाऱ्या प्रत्येकाला थोडक्यात सांगतो:

चाळिशी उलटली असेल, किंवा साखर, रक्तदाब, छातीचे काही दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर पळताना साखर एकदम उतरू शकते. पळताना छातीत कळ आली, चक्कर आली, तर शर्यत तिथेच सोडा. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा येते.

तयारीला निदान तीन-चार महिने द्या. अंतर हळूहळू वाढवा. एक दिवस कष्टाचा, एक दिवस हलका. विश्रांतीतच पाय तयार होतात, जशी पाळी दिल्यावर जमीन तापू द्यावी लागते.

चढावर पावले लहान टाका, वेग पडू द्या, दम सारखा ठेवा. चालावे लागले तर चाला, त्यात कमीपणा नाही. उतारावरही पावले लहानच, पण भरभर. मागे रेलू नका, टाच आपटू नका. आणि उताराचा सराव करा. टेम्पोत बसू नका!

बूट सरावातलेच घाला. आदल्या रात्री घरच्यासारखे साधे जेवण घ्या, सकाळी थोडे सवयीचे खा. पाणी तहानेप्रमाणे घोट-घोट प्या. नुसते पाणी अतोनात प्याल तर रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही धोक्याचे असते.

भगिनी, मुलाला पळू द्या. जमले तर त्याच्याबरोबर पहाटे थोडे चालाही. माझी साखर काठावरून मागे सरकली आहे, हा फायदा लहान नाही. पण त्याहून मोठा फायदा असा, की पोरगी घरात असताना जे कधी बोलली नसती ते रस्त्यावर बोलली. काही गोष्टी समोरासमोर बसून होत नाहीत, शेजारी शेजारी चालताना होतात.

तूर्त इतकेच. दूध घालायची वेळ झाली आहे. आता मी चालत जातो आणि चालतच परत येतो.

कळावे, लोभ असावा.